एकवीस घरांचा उपास

डोळे मिटून प्रार्थना करणं कुंदाबाईंना आयुष्यात कधी जमलं नाही. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्सची नोकरी झालेली. वॉर्डात तीस पेशंट पडलेले असताना डोळे मिटायचे म्हणजे काय, असं त्या तेव्हा म्हणत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, वॉर्ड गेला, पेशंट गेले, पण खोड गेली नाही. खरं कारण त्यांना चांगलं ठाऊक होतं. बाई भारी चौकस. धुळ्याच्या त्यांच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीची दर बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना सभा असे. मंडळीच्या पंचांमधले सगळ्यांत जुने बन्सीलाल नाना प्रार्थनेला लागले की माणसं माना खाली घालून, डोळे मिटून बसत. कुंदाबाईही मान खाली घालत, पदर कपाळावर ओढत, आणि पदराआडून सगळी खोली पाहून घेत. कोण पेंगतंय, कोण मोबाइल चाळतंय, कुठली सून सासूकडे कशी बघतेय. देवाला तर सगळं दिसतंच. त्यातलं थोडं आपल्याला दिसलं तर कुणाचं काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि हे बघणं वाया जात नसे, कारण कुंदाबाई लग्नं जुळवत. खानदेशात ख्रिस्ती घरं ती किती, आणि तीही विखुरलेली. धुळ्यात थोडी, जळगावात थोडी, भुसावळला रेल्वेतली, नंदुरबारकडे गावोगाव. कुणाची मुलगी शिकून बसलीये आणि कुणाच्या मुलाला नोकरी लागलीये, हे सगळं ज्या एका डोक्यात होतं, ते कुंदाबाईंचं. सगळे त्यांना अक्का म्हणत. आजवर त्रेचाळीस लग्नं त्यांनी जुळवली होती. त्यातली बेचाळीस नीट चालली आहेत असं त्या अभिमानानं सांगत. राहिलेल्या एकाचा विषय निघाला की पाणी प्यायला उठत.

या लोकांत स्थळाला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. "प्रार्थना करून सांगतो," म्हणतात. महिनाभर काही कळवलं नाही की समोरचा समजून जातो. मुलीचा रंग, मुलाचा पगार, सासूचा स्वभाव, जे काही खटकलं असेल ते या तीन शब्दांखाली झाकून जातं आणि कुणाचं मन दुखत नाही. कुंदाबाईंनी हे शब्द हजारदा ऐकले होते. ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्या दाराकडे वळायचं, एवढंच.

पण प्रेमराजनं मात्र त्यांना हैराण केलं होतं. पुष्पाबाईंचा हा एकुलता एक मुलगा. वडील लहानपणीच गेलेले. वय चौतीस, नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला, रविवारी उपासनेत पेटी वाजवणारा, चर्चच्या शब्बाथ शाळेत बायबल शिकायला येणाऱ्या पोरांचा लाडका. व्यसन नाही, तोंडात वावगा शब्द नाही. अशा मुलाला सहा वर्षांत अकरा स्थळं दाखवली आणि अकरा वेळा त्यानं मान खाली घालून तेच सांगितलं, "प्रार्थना करून सांगतो, अक्का." दुसरं कुणी म्हणालं असतं तर कुंदाबाईंनी सोडून दिलं असतं. पण हा पोरगा खरोखर प्रार्थना करणारा होता. उपासना संपल्यावर सगळे चहाला बाहेर जात, तेव्हा हा पेटीजवळ गुडघे टेकून बसलेला त्यांनी कितीदा पाहिला होता. मग हा देवाजवळ मागतो तरी काय? आणि देव याला अकरा वेळा काय सांगतो? हा प्रश्न त्यांना भाजी निवडताना पडे, बस स्टँडवर पडे, आणि उत्तर मिळत नाही म्हणून त्यांचा जीव वरखाली होई.

शेवटी पुष्पाबाई एक दिवस अहिराणीत म्हणाल्या, "अक्का, मी तीन दिन उपास धरस. देव ऐकस का नही ते देखू." त्यावर कुंदाबाईंमधली हेड नर्स जागी झाली. एकटीनं कशाला? सगळ्या मंडळीनं धरायचा. एका घरानं एक दिवस, अशी साखळी. एकवीस घरं, एकवीस दिवस. त्यांनी यादी केली, तारखा टाकल्या आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवूनही दिली. वर लिहिलं, "प्रेमराजच्या लग्नासाठी उपास-प्रार्थना." प्रेमराजही त्या ग्रुपवर होता. त्यानं खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी त्यानं कुंदाबाईंनी सुचवलेल्या बाराव्या स्थळाला, बोदवडच्या मेघाला, होकार दिला.

मंडळीत काय आनंद झाला म्हणता! मेघा सत्तावीस वर्षांची, बी.एड. झालेली, शाळेत शिकवणारी. तिचे वडील लोटनभाऊ रेल्वेतून रिटायर. येत्या रविवारी उपासनेनंतर साखरपुडा ठरला आणि आधीच्या बुधवारी पुष्पाबाईंच्या घरी उपकारस्तुतीची सभा झाली. खोली गच्च भरली होती. प्रेमराज पेटीवर, शेजारी ढोलकीवर भूषण. हा भूषण मूळचा वरणगावचा, धुळ्यात त्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान. सहा वर्षांपासून या मंडळीत येत होता. कमी बोलणारा, हाताचा ताल पक्का. एवढंच कुंदाबाईंना त्याच्याबद्दल माहीत होतं, आणि त्यांच्या मानानं हे फारच कमी होतं.

बन्सीलाल नाना प्रार्थनेला उभे राहिले. नानांची प्रार्थना म्हणजे पॅसेंजर गाडी, प्रत्येक स्टेशनावर थांबणार. त्यांनी एकवीस घरांचे एकेक करून आभार मानायला घेतले. कुंदाबाईंनी नेहमीप्रमाणे पदराआडून नजर टाकली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. दोघांचे उघडे. प्रेमराज भूषणकडे पाहत होता आणि भूषण प्रेमराजकडे. बाकी काही नाही. हात पेटीवर, हात ढोलकीवर. भूषणच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. वॉर्डात ऑपरेशनला नेताना बायका नवऱ्याकडे जशा बघतात, तसं ते बघणं होतं.

नाना चौदाव्या घरावर आले तेव्हा प्रेमराजनं मान वळवली आणि त्याला कुंदाबाई दिसल्या. त्या पाहतायत हे त्याला दिसलं. कुंदाबाईंनी घाबरून डोळे गच्च मिटून घेतले.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःला खूप समजावलं. मित्र आहेत, मित्राच्या लग्नात माणूस हळवा होतो. पण त्या नर्स होत्या. माणसाच्या शरीराची आणि मनाची कितीतरी गुपितं त्यांनी वॉर्डात ऐकली होती, आणि अशी माणसं असतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. वार्षिक सभेत कुणी पाहुणा वक्ता आवाज खाली करून याला पाप म्हणे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळे. कुंदाबाईही तेव्हा मान हलवत. आपल्याच मंडळीत, आपल्याच पेटीवर असं कुणी असेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या बाईला सहा वर्षं हे दिसलं नाही, याचा त्यांना आधी रागच आला. मग त्यांना सलोमी आठवली.

सलोमी म्हणजे ते त्रेचाळीसातलं एक लग्न. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी ते जुळवलं होतं. मुलगा चांगला, सरकारी नोकरीतला, भक्तिमान. तीन वर्षांनी सलोमी माहेरी आली ती परत गेली नाही. लोकांनी तिला वांझ ठरवलं. कुंदाबाईंनी तिला प्रार्थना कर असं सांगितलं आणि त्यानंतर चर्चमध्ये भेटली तरी तिच्याशी फारसं बोलल्या नाहीत. आता ती देवपुरात बालवाडी चालवत होती. गुरुवारी दुपारी पोरं घरी गेल्यावर कुंदाबाई तिथे गेल्या आणि चिमुकल्या खुर्चीवर कशाबशा बसल्या.

"सलोमी, तुले एक इचारानं शे. पंधरा वर्षं व्हयनात, मी इचारंच नही. तठे काय व्हयनं व्हतं?"

सलोमी खडू गोळा करत होती. तिनं डबा बंद केला. "आज कसं आठवलं, अक्का?"

"आठवनं. शिव्या दे, पन सांग."

"शिव्या कशाला? ते वाईट नव्हते. मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. रोज रात्री पलंगाजवळ गुडघे टेकून प्रार्थनेला बसायचे. मला झोप लागेपर्यंत उठायचेच नाहीत. पहिला महिना मला अभिमान वाटला, काय देवभक्त नवरा मिळाला म्हणून." ती थोडी हसली. "मग एकदा मी झोपल्याचं सोंग केलं आणि ऐकलं. रडत होते. मला हिच्यावर प्रेम करू दे, म्हणत होते. तीन वर्षं हेच. शेवटी मलाच त्यांची दया आली, म्हणून मी निघाले."

"आन लोकेस्नी तुले वांझ म्हनं, तवय तू बोलनी नही?"

"कुणी विचारलं नाही ना, अक्का. तुम्हीसुद्धा नाही."

कुंदाबाईंना त्या छोट्या खुर्चीतून उठता येईना. सलोमीनं हात दिला. रिक्षात बसल्यावर त्या चक्क रडल्या, आणि रिक्षावाल्यानं विचारलं तेव्हा डोळ्यांत कचरा गेला म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी प्रेमराज कंपनीत जायला शिरपूरच्या बसमध्ये चढला, तर खिडकीशी कुंदाबाई बसलेल्या. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून त्यांनी ती धरली होती. पिशवी उचलून त्या म्हणाल्या, "बस." नरडाण्यापर्यंत पाऊण तास. पळून जायला जागा नव्हती.

सोनगीर आलं. मग तोच म्हणाला, "अक्का, तुम्ही बुधवारी देखं ना?"

"देखं."

"बठ्ठास्ले सांगशात?" सगळ्यांना सांगाल की काय, अशी भीती त्याच्या डोळ्यांत होती.

"माले सांगानं नही. माले इचारानं शे. अकरा डाव तू म्हणना, प्रार्थना करीसन सांगस. खरंच करस का?"

प्रेमराजनं मान हलवली. घरात तो अहिराणी बोले, पण जड बोलायचं झालं की मराठीवर येई. "खरंच करतो. सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून एकच मागितलं, हे माझ्यातून काढून घे. कॉलेजात मागितलं. सुरतला नोकरीला होतो तेव्हा एका सभेत तीन माणसांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून, ओरडून ओरडून मागितलं. घसा बसला त्यांचा. नाही गेलं. मग एक दिवस मी मागणंच थांबवलं. खूप भीती वाटली की आता देवही मला सोडून जाईल."

"मंग?"

"गेला नाही."

"मंग तो म्हणस तरी काय तुले?" कुंदाबाई अगदी पुढे झुकल्या. सहा वर्षं अडकलेला प्रश्न होता तो.

"काही म्हणत नाही, अक्का. पण उठून जातही नाही."

बस एका थांब्यावर थांबली, दूधवाले उतरले, कंडक्टरनं घंटी मारली. कुंदाबाईंनी बाहेरच्या कपाशीकडे पाहिलं. मग त्यांच्यातली चौकस बाई परत जागी झाली.

"आन भूषण काय म्हणस?"

प्रेमराज लाजला. चौतीस वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला. "तो म्हणतो, मी पेटी फार घाईत वाजवतो."

कुंदाबाईंना हसू आलं आणि हसू आल्याची भीतीही वाटली. त्यांनी आवाज खाली केला. "हाई पाप शे असं बठ्ठा सांगतस. तुले काय वाटस?"

"मेघाला फसवून लग्न करणं पाप आहे, एवढं मला नक्की माहीत आहे. बाकीचं मी रोज विचारतो."

"मंग होकार कसाले दिना?"

आता तो त्यांच्याकडे वळला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात राग होता. "एकवीस घरं उपाशी बसली, अक्का! बन्सीलाल नानांना शुगर आहे. त्यांच्या दिवशी दुपारी चक्कर येऊन ओट्यावर पडले. मी गोळी आणि पाणी घेऊन धावलो, तर माझा हात धरून म्हणतात, तुझ्या लग्नाचा लाडू खाल्ला की मी ठणठणीत. त्या माणसाला नाही म्हणून सांगा बरं. तुम्ही सांगा."

ती यादी कुंदाबाईंनी केली होती. तारखा त्यांनी टाकल्या होत्या. दावं बांधून बैल ओढतात तसा हा पोरगा ओढला होता, आणि दाव्याला देवाचं नाव दिलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मी बोदवडले जास," त्या म्हणाल्या.

"नको. मेघाला मी सांगतो. ते माझं काम आहे."

"पोरले तू सांग. बापले मी सांगस. तू सांगशी तं तो इचारी, काबरं? मी सांगसू तं शिव्या दी. शिव्या मी खाई लिसू."

शनिवारी त्या बसनं जळगाव आणि तिथून गाडीनं बोदवडला गेल्या. लोटनभाऊ दारातच होते. मेघानं आदल्या संध्याकाळीच घरात सांगितलं होतं की हे लग्न होणार नाही, आणि कारण विचारू नका म्हणाली होती. त्यामुळे लोटनभाऊंचा सगळा राग कुंदाबाईंसाठी शिल्लक होता. मुलात खोट काय आहे ते सांगा, नाहीतर माझ्या मुलीत काय खोट आहे ते सांगा, असं ते तीनदा म्हणाले. कुंदाबाईंनी तीनदा एकच उत्तर दिलं. "भाऊ, मुलात खोट नाही, मुलीत तर मुळीच नाही. खोट माझ्यात आहे. मी दोघांना न विचारता जुळवलं." लोटनभाऊ म्हणाले की अक्का, आजपासून तुमच्या शब्दावर कुणी सोयरीक करणार नाही, मी सगळ्यांना सांगेन. कुंदाबाई म्हणाल्या, सांगा. पाणीसुद्धा न पिता त्या निघाल्या.

मेघा स्टेशनापर्यंत सोबत आली. डोळे सुजलेले होते, पण चाल शाळामास्तरणीची, ताठ. प्लॅटफॉर्मवर ती म्हणाली, "अक्का, त्यांनी पहिल्याच फोनवर मला विचारलं होतं, तुझ्यावर कुणाचा दबाव नाही ना? मी नाही म्हटलं. तेव्हाच मी त्यांना उलटं विचारायला हवं होतं."

"काल काय म्हणाला तुला?"

"ते माझ्याजवळच राहू द्या." गाडी येताना दिसली. "वाईट वाटतंय खूप. कपडे घेऊन झाले होते. पण दहा वर्षांनी कळलं असतं तर काय झालं असतं, असं काल रात्रभर वाटत होतं."

कुंदाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माफ कर पोरी," म्हणाल्या.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. साखरपुडा मोडल्याची बातमी ग्रुपवर न टाकताही सगळ्या घरी पोहोचली होती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या वाटेवरून कुजबुज इकडून तिकडे चाललेली. प्रेमराज पेटीवर होता. भूषण ढोलकीवर. दोघांनी एकदाही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाळक तरुण, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी घाईघाईनं गीतं आटोपली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला देवाच्या कामाची साक्ष द्यायची आहे?" असं विचारताना आज कुणी उठू नये अशी त्यांची फार इच्छा दिसत होती.

कुंदाबाई उठल्या.

"मंडळी, सलाम. त्या एकवीस दिवसांची यादी मी केली होती. मला वाटलं, देवाकडून एक काम करून घ्यायचंय, तर जोर लावू. ज्याच्यासाठी उपास धरला त्याला हे हवंय का, हे मी विचारलंच नाही. ही माझी चूक. बोदवडच्या मुलीची मी माफी मागून आले. आज प्रेमराजची मागते. बुधवारच्या प्रार्थनेच्या यादीतून त्याच्या लग्नाची विनंती काढून टाका."

बन्सीलाल नाना जागेवरून उठले. "अक्का, देवानं आमचा उपास ऐकला. पोरगा हो म्हणाला. आणि तुम्ही ते मोडता?"

"नाना, देवानं काय ऐकलं ते मला माहीत नाही. पोरानं मात्र ऐकलं. एवढी माणसं उपाशी बसल्यावर कोण नाही म्हणेल?"

"मग त्याच्यासाठी मागायचं तरी काय?" नानांनी विचारलं, आणि त्यांना खरंच कळत नव्हतं. सहा वर्षं दर बुधवारी ते या एका गोष्टीसाठी गुडघे टेकत आले होते.

"त्याले इचारा," कुंदाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कुणी विचारेना. पाळकांनी पुढ्यातला कागद उलटा केला, सुलटा केला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं पुष्पाबाई उभ्या राहिल्या. साठीची, बारीक चणीची बाई, चर्चमध्ये कधी मोठ्यानं बोललेली नाही. मधल्या वाटेपलीकडे पेटीजवळ बसलेल्या मुलाकडे बघून त्यांनी, घरात विचारावं तसं विचारलं, "प्रेम, काय मागू रे भाऊ तुन्याकरता?"

प्रेमराजनं पेटीचा भाता बंद केला.

"माय, माले आठेच, ह्याच मंडळीमा ऱ्हावू दे, इतलंच माग. मी जसा शे तसा."

"कुठे जाणार आहेस तू?" पाळकांनी नकळत विचारलं. प्रेमराज आईकडेच पाहत होता. पुरुषांच्या बाजूनं दोघं-तिघं एकमेकांकडे पाहू लागले. एक जण उठून बाहेर गेला.

पुष्पाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. त्यांची प्रार्थना नानांसारखी नव्हती. एवढीच होती: "देवा, मना पोऱ्याले आठेच ऱ्हावू दे. जसा शे तसा. येशूना नावमा मागस."

मग ढोलकीजवळून एक आवाज आला, मोठा आणि फाटलेला. "आमेन." सगळ्यांनी भूषणकडे वळून पाहिलं आणि त्यानं मान खाली घातली नाही. दुसरं आमेन बायकांच्या बाजूनं, सलोमीचं. मग कुंदाबाईंचं. मग इकडून एक, तिकडून दोन. बन्सीलाल नानांचं आलं नाही. ते खुर्चीची पाठ धरून तसेच उभे होते.

उपासना कशीबशी संपली. बाहेर चपला शोधताना नाना पुष्पाबाईंजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे पंचांपुढे येईल."

"येऊ द्या, नाना. तुमनी गोळी घेतली का?"

नानांनी घेतली नव्हती. ते खिसे चाचपत गेले.

कुंदाबाईंनी पुष्पाबाईंना कडुलिंबाखाली गाठलं. आज गप्प बसायचं असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. पण ती उभी राहिली कशी, तिला कळलं किती, हे न विचारता घरी जाणं त्यांच्यानं होणार नव्हतं.

"पुष्पा, तुले कव्हय समजनं?"

पुष्पाबाई चपलेचा पट्टा लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी माय शे ना, अक्का. तो पंधरा वर्षाना व्हता तवयपासून माले माहीत शे. म्हणीसन तं उपास धरा व्हता."

मुलाच्या लग्नासाठी धरलेला उपास, असं कुंदाबाईंनी एकवीस घरांना सांगितलं होतं. ही बाई आपल्या घरात बसून काय मागत होती, हे चौकस कुंदाबाईंना कळलं नव्हतं. कितीतरी वर्षं आई एका खोलीत आणि मुलगा दुसऱ्या खोलीत 'हे काढून घे' ही एकच गोष्ट मागत होते, आणि मधल्या भिंतीपलीकडे कुणी कुणाला हाक मारली नव्हती.

"आन आते?" त्यांनी विचारलं.

"आते काय? माले अजून पटत नही, अक्का. मी खोटं कसाले बोलू? पन उपाशी ऱ्हाई ऱ्हाई थकी गयी मी."

चर्चच्या दारातून भूषण एकटाच बाहेर येत होता. लोक त्याला वाट देत होते, जरा जास्तच मोकळी. पुष्पाबाईंनी त्याला येताना पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"ओ भूषण! घर चाल, जेवाले."